पहिली चढण मालकाची

पायऱ्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. पस्तीस वर्षं मी जिने बांधतोय. भिंती बांधणारे मिस्त्री पैशाला पासरी मिळतात, पायरी बांधणारा वेगळा. भिंत अर्धा इंच चुकली तर तिथं कॅलेंडर लावता येतं. पायरी अर्धा इंच चुकली की माणूस तोंडावर आपटतो, आणि आपटणारा नेमका मालकाचा सासरा असतो.

माझ्या उस्तादानं मला कामाला लावलं तेव्हा एक रीत शिकवली होती. जिना तयार झाला की पहिली चढण मालकाची. मिस्त्रीनं खाली उभं राहायचं, हात मागे बांधून आणि तोंड बंद ठेवून. मालक आपल्या चालीनं, गप्पा मारत वर गेला तर काम पास. मध्येच अडखळला, कठडा धरला, नुसतं पायाकडे बघितलं, तरी जिना तोडायचा आणि पुन्हा बांधायचा, तोही आपल्या खर्चानं. उस्ताद म्हणायचा, आपण बांधलेल्या पायरीवर आपण कधीच अडखळत नाही, म्हणून ज्याला वापरायची आहे त्यालाच चढू द्यायचं. मी माझ्या हाताखालच्या सगळ्यांना हे ऐकवलंय. ऐकवायला काय जातं.

तर अशा माणसाच्या घरी देवानं कोणाला पाठवावं? जिला जन्मात एक पायरी चढता यायची नाही, अशी मुलगी.

तिच्या कमरेखाली जन्मापासून ताकद नाही. ती झाली तेव्हा लोक भेटायला आले ते मयताला आल्यासारखे. बायकोची एक मावशी माझा हात हातात घेऊन म्हणाली, "देवानं दिलंय ते गोड मानून घ्या." स्वतःच्या नवऱ्याबद्दल ती असं कधी म्हणाली नव्हती, आणि खरी गरज तिथं होती. पुढं मुलगी मोठी झाली, आणि तिला पाहून प्रत्येकजण मला एकच प्रश्न विचारायला लागला: "तुमच्यामागं हिचं कसं व्हायचं?" हा प्रश्न विचारण्यात समोरचा शिंपी पहिल्या नंबरला. त्याचा स्वतःचा मुलगा तीस वर्षांचा, दोन्ही पाय शाबूत, आणि ते पाय दुपारी बारापर्यंत पांघरुणातून बाहेर पडत नाहीत. त्याच्यामागं त्याचं कसं व्हायचं, हे मी शिंप्याला कधी विचारलं नाही. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं बघावं वाकून.

मुलीचं नाव गल्लीनं वकील ठेवलं. कारण ती वाद घालते आणि जिंकते. मीही तिला वकीलबाईच म्हणतो. कॉलेजची इमारत चार मजली, वर्ग तिसऱ्यावर, त्यामुळे तिनं घरी बसून, बाहेरून परीक्षा देऊन शिक्षण पुरं केलं. बारा वर्षांची होईपर्यंत मी तिला पाठीवरून नेत होतो. मग खुर्ची आली, दोन मोठ्या चाकांची, हातानं चालवायची. आमच्या घराचं जोतं दोन फूट उंच. मी एका रविवारी दारापुढं सहा फुटांचा रॅम्प घालून टाकला. त्यात काय विशेष? बांधकामावर सिमेंटची हातगाडी वर चढवायला मी पंधराव्या वर्षापासून असले उतार घालत आलोय. दुसऱ्याच दिवशी पोरगी एकटी चढायला गेली, अर्ध्यातून खुर्ची मागे आली, उलटली, आणि पुढच्या दाताचा टवका उडाला. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. तिला एकटीला रॅम्पवर सोडायचं नाही. मी घरात असेन तर मी ढकलायचं, मी कामावर असेन तर तिनं घरात थांबायचं. दहा वर्षांत पुन्हा एकदाही पडली नाही. हे मी लोकांना अभिमानानं सांगायचो.

आणि मग या वर्षी तिला नोकरी लागली.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनाची जागा, तक्रार विभागात. वशिला नाही, सवलत नाही. परीक्षा दिली, पंधराशे जणांत पाचवी आली. पत्रात लिहिलं होतं, तीस दिवसांच्या आत कार्यालयात स्वतः हजर राहून हजेरीपटावर सही करावी, अन्यथा नेमणूक रद्द समजण्यात येईल. बायको हॉस्पिटलच्या धोबीखान्यात दुपारपाळीला असते. तिनं ते पत्र तिथल्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं, दोनदा.

पत्रावरचा पत्ता मी मात्र पुन्हा एकदा वाचला. त्या कचेरीच्या पायऱ्या मी बांधलेल्या होत्या.

अठरा वर्षांपूर्वीचं काम. सहा पायऱ्या, प्रत्येक सहा इंच, काळ्या दगडाच्या, इतक्या सरळ की तेव्हाच्या साहेबानं माझ्याशी हात मिळवला होता. पोरगी तेव्हा चार वर्षांची. बायकोची सकाळपाळी असली की मी तिला सोबत न्यायचो आणि वाळूच्या ढिगावर बसवायचो. मी पायरी बसवली की ती आकडा म्हणायची. सहापर्यंतचे आकडे ती तिथं शिकली. ती कधी या दारातून आत जाईल, असं माझ्या डोक्यात आलंच नाही. आपल्या मुलीबद्दल लोकांनी काय काय विचार केला नाही, याची मोठी यादी माझ्याकडे आहे. त्या यादीत माझं नाव कुठं येतं, ते बघायला मला बराच वेळ लागला.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मी म्हटलं, "चल, पाठीवर घेतो. सहाच पायऱ्या आहेत."

"नाही."

"अगं, आत गेल्यावर खुर्ची देतो की."

"बाबा, मी पोतं म्हणून हजर होणार नाही. मी कारकून म्हणून हजर होणार."

शिपाई आत जाऊन हेडक्लार्कला घेऊन आला. हेडक्लार्क गुडघे धरत, कण्हत खाली उतरला आणि आमच्याकडे बघून साहेबांना बोलवायला पुन्हा कण्हत वर गेला. मग साहेब आले. उंच, गोरटेले, कपड्यांना कडक इस्त्री. पायऱ्यांच्या शेजारी, भिंतीला लागून त्यांची पांढरी गाडी उभी होती. गाडीच्या डोक्यावर खास तिच्यासाठी छप्पर होतं. नळाची तक्रार घेऊन आलेल्या माणसांची रांग उन्हात उभी होती, गाडी सावलीत होती.

साहेबांनी मुलीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हिला ऐकू येतं ना?"

"येतं साहेब."

"बरं, बरं. चहा चालतो का हिला?"

"हिला चालतो," वकीलबाई म्हणाली. "बिनसाखरेचा."

साहेब दचकले. खुर्ची बोलली असं त्यांना वाटलं असावं. त्यानंतरही ते माझ्याशीच बोलत राहिले. ते म्हणाले, त्यांना मनापासून सहानुभूती आहे. त्यांचा एक चुलतभाऊ लंगडत चालतो. मी विचारलं, आत कसं जायचं? ते म्हणाले, दोन शिपाई नेमतो, सकाळी उचलून वर, संध्याकाळी उचलून खाली. मुलगी म्हणाली, नियमाप्रमाणे दाराशी रॅम्प पाहिजे. हेडक्लार्क म्हणाला, नियम आहेच हो, नियमाला कोण नाही म्हणतंय, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि अर्जाची खिडकी आत आहे.

"अर्ज मी गेल्या आठवड्यात रजिस्टर पोस्टानं पाठवलाय," ती म्हणाली. "पोहोचल्याची पावती आहे. तुमचीच सही आहे खाली."

हेडक्लार्कनं चष्मा पुसला.

चार दिवसांनी तो स्वतः आमच्या घरी आला. कचेरीनं फार विचार करून, माणुसकीच्या दृष्टीनं तोडगा काढला होता. मुलीनं यायचंच नाही. हजेरीपट दर महिन्याला शिपाई घरी घेऊन येईल, तिनं सह्या करायच्या, पगार पुरा मिळेल. "साहेबांचं मन मोठं आहे," तो म्हणाला. "घरबसल्या पगार. आम्हाला कोणी दिला असता तर आम्ही पाय धुतले असते."

खरं सांगतो, मला ते पटलं. पाऊस नको, ऊन नको, लोकांच्या नजरा नकोत. बायकोनंही माझ्याकडे बघून मान हलवली. शिंपी तर दारातून ओरडून म्हणाला, नशीब काढलं पोरीनं. आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"घरी बसायला परीक्षा कशाला लागते?" ती म्हणाली. "ते काम मी बावीस वर्षं बिनपरीक्षेचं करतेय. मला पगार फुकट नको, मला टेबल पाहिजे."

"अगं, पण ते माणुसकीनं म्हणतायत," मी म्हटलं.

"माणुसकी नाही बाबा. गाडीची जागा सोडायची नाहीये त्यांना."

ते मात्र मला लगेच पटलं, कारण ते माझ्या धंद्यातलं होतं. एकट्या माणसाला हातानं खुर्ची चढवायची तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. हे मला तिनंच सरकारी पुस्तकातून वाचून दाखवलं होतं, आणि मी म्हटलं होतं, पुस्तकवाल्यांना काय कळतंय. कचेरीची उंची तीन फूट. म्हणजे छत्तीस फूट. दारापासून भिंतीच्या कडेकडेनं छत्तीस फूट मोजत गेलं की टेप बरोबर गाडीच्या पोटाखालून जात होती.

तिनं नकार लेखी कळवला. सोबत नियमाचं पान जोडलं आणि वरच्या कार्यालयाला एक प्रत पाठवली. मग कचेरीची धावपळ उडाली. नकाशा निघाला, हुकूम निघाला, ठेकेदार ठरला. आणि ठेकेदारानं पायऱ्यांचं काम म्हणून कोणाला बोलवावं? मला. माझी मुलगी कोण हे त्याला माहीतही नव्हतं.

नकाशा बघून मला हसू आलं. नऊ फुटांचा रॅम्प. तीन फूट उंची, नऊ फूट लांबी. दारापासून सुरू होऊन गाडीच्या नाकाच्या बरोबर एक हात अलीकडे संपणारा.

"यावर चढणार कोण?" मी ठेकेदाराला विचारलं.

"मिस्त्री, चढायचाय कशाला? फोटो काढायचाय," तो म्हणाला. "लांब करायचा तर जागा कुठाय?"

साहेबांनाही मी विचारून पाहिलं. त्यांनी हात पसरून आवार दाखवलं. एवढं मोठं आवार, मध्ये कारंजं, कारंज्यात पाणी नाही. "जागाच नाही हो मिस्त्री," ते म्हणाले. "असती तर दिली नसती का?" उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला जमीन नेहमीच लहान दिसते.

त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं. तीस दिवसांतले अकरा उरले होते. मी म्हटलं, "जाऊ दे. मी रोज येऊन ढकलीन तुला वर."

"तुम्ही पाणीपुरवठ्यात नोकरीला आहात का?"

"नाही, पण..."

"मग मी तहान लागली म्हणून खाली आले, तर पुन्हा वर जायला तुमची वाट बघू?" तिनं उरलेले दिवस बोटांवर मोजले. मग म्हणाली, "बाबा, हा नऊ फुटांचा बांधून झाला की पहिली चढण कोणाची?"

"रीतीप्रमाणे मालकाची."

"मालक कोण?"

मी तिच्याकडे पाहिलं. टवका उडालेला दात दाखवत ती हसत होती.

दोन दिवसांत मी तो रॅम्प उभा केला, नकाशाबरहुकूम, तसूभर इकडंतिकडं नाही. वरून पोलादी पत्रा ठोकला, म्हणजे वाळायची वाट बघायला नको. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून वाईट काम केलं, आणि ते इतकं सुबक केलं की ठेकेदारानं पाठ थोपटली. उद्घाटनाला लाल फीत आली, माइक आला, फोटोवाला आला. रॅम्पच्या दोन्ही कडांना फुलांच्या कुंड्या मांडल्या, त्यामुळे होती ती रुंदीही गेली. मग मी त्या उचलायला लावल्या. साहेबांनी कागदावरून भाषण वाचलं. त्यात माझी मुलगी सात वेळा बिचारी होती आणि दोन वेळा प्रेरणा. कारकून एकदाही नव्हती.

भाषण संपल्यावर वकीलबाईनं हात वर केला.

"साहेब, मिस्त्री लोकांत एक रीत आहे," ती म्हणाली. "नवीन कामावर पहिली चढण मालकाची असते. हे काम तुमच्यामुळं झालं. तुम्ही माझ्या खुर्चीत बसून पहिल्यांदा वर गेलात तर फोटोही चांगला येईल."

फोटोवाला म्हणाला, वा. हेडक्लार्क म्हणाला, कल्पना उत्तम आहे. साहेबांनी केसांवरून हात फिरवला. ती बाकावर सरकली, खुर्ची रिकामी झाली, आणि साहेब बसले. ढकलायला एक शिपाई पुढं झाला, तर ती म्हणाली, "नको, मला रोज एकटीला जायचंय ना." मी खाली बाजूला उभा राहिलो, हात मागे बांधून, तोंड बंद ठेवून.

साहेबांनी पहिला हात मारला, खुर्ची चढली. टाळ्या. दुसरा मारला, थोडी चढली. तिसऱ्याला त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून हसायचं ठरवलं आणि चाकावरचा हात सुटला. मग खुर्ची, साहेब आणि नव्वद किलोंची सहानुभूती मागच्या मागे निघाली. थांबवायला मध्ये कोणी नव्हतं. फक्त गाडी होती.

साहेबांना लागलं काही नाही. गाडीचा पुढचा दिवा फुटला, जाळी आत गेली. आमच्या खुर्चीचा एक दांडा वाकला, तो मी संध्याकाळी सरळ केला. रांगेतली माणसं इतकी हसली की तक्रार कशाची होती ते विसरली. साहेब उठले, इस्त्रीची घडी झटकली आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्या मुलीशी बोलले.

"हे तुला माहीत होतं?"

"मी दहा वर्षांपूर्वी पडलेय अशीच," ती म्हणाली. "म्हणून अर्ज केला."

साहेबांचं तोंड मारल्यासारखं झालं. ते हेडक्लार्कला म्हणाले, "जे काय करायचं ते करा, आणि ती फाइल एकदाची बंद करा." गाडी ओढत गॅरेजला नेली. तो दिवा बाहेरून मागवावा लागणार होता, दहा दिवस लागतील म्हणाले. गाडीची जागा मोकळी झाली. साहेबांचे शब्द मी कानांनी ऐकले होते, हेडक्लार्कनं ते लिहूनही घेतले होते. रीतीप्रमाणे पहिली चढण फसली होती, त्यामुळे तोडून पुन्हा बांधणं मला भागच होतं.

दोन दिवसांत मी छत्तीस फूट घातला. मध्ये दम खायला सपाट टप्पा, दोन्ही बाजूंना कठडा. गाडीचं छप्पर तसंच ठेवलं, आता सावलीला माणसं आली. काँक्रीटला पाच दिवस पाणी मारायला हवं होतं आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या नळाला पाणी नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायकोनं धोबीखान्यातून पिंपं भरून आणली.

तिसाव्या दिवशी सकाळी दहाला वकीलबाई खाली येऊन थांबली. खांद्याला नवी पिशवी, केस घट्ट बांधलेले. मी हात मागे बांधले. पस्तीस वर्षांत हात मागे ठेवणं इतकं जड कधी गेलं नव्हतं. ती निघाली. एक हात, दुसरा हात, सावकाश. टप्प्यावर ती थांबली, मला वाटलं दमली, मी एक पाऊल पुढं टाकलं. ती दमली नव्हती. तिथून सगळं आवार दिसतं, ते ती बघत होती. मग ती वर गेली आणि दारातून आत गेली, मागे न बघता. मी रिकाम्या कारंज्याच्या काठावर बसून रडलो. शिपायानं मला पाणी आणून दिलं, बाहेरून विकत आणून.

तिनं सही केली आणि तक्रारवहीत पहिली तक्रार नोंदवली: कार्यालयाच्या आवारातील नळास पाणी नाही. तासाभरात हेडक्लार्क गुडघे न धरता रॅम्पवरून उतरला, मग फायलींची ढकलगाडी उतरली, मग एक बाळाची गाडी चढली. दुपारपर्यंत माझ्या काळ्या पायऱ्यांवर फक्त मांजर बसलं होतं. साहेबांची गाडी आता मागच्या गल्लीत, कचराकुंडीशेजारी उभी राहते. तिथून ते रोज चालत येतात, बिचारे.

तिच्या सहीच्या दिवशी दुपारनंतर मी कामावर गेलो, पण काम कमी आणि गोष्ट जास्त केली. साहेब कसे निघाले मागच्या मागे, गाडीची जागा कशी गेली. जो भेटेल त्याला सांगितलं. चहावाल्यानं दोनदा ऐकली. जागा नाही म्हणतात, मी म्हणायचो, जागा असते हो, मनात नसते. लोक माना डोलवायचे.

सात वाजता गल्लीत शिरलो तर वकीलबाई रॅम्पच्या पायथ्याशी बसलेली. आमच्या घराच्या. मांडीवर पिशवी.

"कधी आलीस?"

"साडेपाचला."

बायकोची पाळी आठला सुटते. येताना मी एकटी येईन असं तीच सकाळी म्हणाली होती, आणि मी खुशाल मान हलवली होती. गल्लीपर्यंतचाच रस्ता माझ्या डोळ्यांपुढं आला होता.

"अगं, शिंप्याला हाक मारायची. त्याच्या मुलानं ढकललं असतं."

"तो विचारून गेला. मी नको म्हटलं. आज त्याला हाक मारली तर उद्याही मारायची, परवाही." ती रागावलेली नव्हती. दमलेली होती. "बाबा, हा रॅम्प कोणी बांधला?"

"मी."

"याची पहिली चढण कोणी केली होती?"

मला आठवलं. त्या रविवारी रॅम्प सुकल्यावर मी हातगाडीत सिमेंटची दोन पोती टाकली आणि ढकलत वर नेली. गाडी लोण्यासारखी गेली. मी स्वतःशीच म्हटलं, पास. पोरगी तेव्हा घरात होती. तिला मी बोलावलंसुद्धा नव्हतं.

"पोत्यानं," मी म्हटलं.

मग मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून साहेबांचा आवाज बाहेर आला.

"अगं, दोन फुटांना चोवीस फूट लागतात. इथं जागाच कुठाय?"

बोलता बोलता मी हात पसरून घराची बाजू दाखवली. तिथं माझ्या सेंट्रिंगच्या फळ्या होत्या, बांबू होते, फुटकी घमेली होती, आणि ताडपत्रीखाली सहा वर्षं न फिरलेलं सिमेंट कालवायचं मशीन होतं. त्याच्या डोक्यावर मी पत्र्याचं छप्पर केलं होतं. चांगली तीस फूट जागा असेल. माझा हात तसाच पसरलेला राहिला.

शिंप्याचं मशीन थांबलं होतं. तो आणि त्याचा मुलगा दारात येऊन उभे होते. वकीलबाई हातांच्या जोरावर शिंप्याच्या कट्ट्यावर सरकली आणि रिकामी खुर्ची तिनं माझ्याकडे लोटली.

"मालक," ती म्हणाली, "बसा."

मी थापी आणि ओळंब्याची पिशवी खाली ठेवली आणि बसलो. खुर्ची माझ्यासाठी अरुंद होती. पहिला हात मारला, चढली. दुसरा मारला, दंडाची शीर ताणली गेली. तिसऱ्याला चाकं माझ्या हातांतून मागे सरकायला लागली, आणि मी मान वळवून कट्ट्याकडे पाहिलं.

ती बघत होती. हात मागे बांधून, तोंड बंद ठेवून.